रुमाल, कुदळ आणि झोळी : भयकथेतील वस्तूंविषयी काही विचार

भयकथेकडे आपल्या चळवळीतील लेखक-समीक्षकांनी गंभीरपणे पाहिलेले नाही. यामागची भूमिका मला समजते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्या समाजाने घरातले देव्हारे नदीत सोडले, अंगात येणे, उतारे, नवससायास यांना निग्रहाने नकार दिला, त्या समाजातील लेखकाने पुन्हा भुताखेतांच्या गोष्टी कशासाठी लिहायच्या? प्रश्न रास्त आहे. पण वस्तुस्थिती अशी की, आपली मुले भयकथा वाचतात आणि आवडीने वाचतात. मी ज्या महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेथील ग्रंथालयात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या पुस्तकांची बांधणी जितक्या वेळा उसवते, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाची उसवत असेल. जे साहित्य आपला विद्यार्थी रात्र जागून वाचतो, त्याविषयी मौन पाळणे हे समीक्षेचे धोरण होऊ शकत नाही.

या लेखात मी एकाच प्रश्नापुरते बोलणार आहे. भयकथेत माणसांपेक्षा वस्तू अधिक बोलतात. एखादी बाहुली, एखादी पेटी, एखादे झाड, एखादा किडा. या वस्तू येतात कोठून? त्या कोणाच्या घरातून, कोणाच्या हातातून उचललेल्या असतात? आणि कथेत भयंकर ठरलेली वस्तू कथेबाहेर ज्याच्या हातात असते, त्या माणसाचे पुढे काय होते?

हा प्रश्न हिंगोलीत बसून विचारण्याला कारण आहे. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. परंतु हिंगोलीचे नाव इंग्रजी भयवाङ्मयात त्यापूर्वी एकशेसाठ वर्षे नोंदलेले आहे. येथे निजामाच्या फौजेची छावणी होती. निजामाच्या नोकरीत असलेला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही तीन खंडांची कादंबरी प्रसिद्ध केली. अमीर अली नावाचा ठग साहेबासमोर बसून आपण केलेल्या खुनांची हकीकत सांगतो, अशी तिची रचना. त्या काळी विलायतेत ती अतिशय गाजली. या कादंबरीच्या प्रस्तावनेत टेलरने हिंगोलीची एक हकीकत दिली आहे. ती कादंबरीतील कोणत्याही प्रसंगापेक्षा अधिक अंगावर येते.

हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरनेही त्याच्याशी व्यवहार केलेला होता. या हरीसिंगाने मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला आणि तो त्याला मिळाला. कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि ते वाटेत आहे हे हरीसिंगाला ठाऊक होते. त्याने तो व्यापारी, त्याचे नोकर, जनावरे हाकणारे, सगळ्यांना मारले. माल त्या परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे कबूल केले. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली गेली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर, नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओहळात पुरली गेली, असे टेलर सांगतो. माफीचे साक्षीदार एकेक जागा दाखवत गेले, खड्डे उकरले गेले आणि शेवटी पाहणाऱ्यांनाच शिसारी येऊन खोदकाम थांबवावे लागले. टेलर स्वतः तेथे हजर होता.

आता या हकीकतीतील सर्वांत भयंकर वस्तू कोणती? मला विचाराल तर तो परवाना. सरकारी सहीचा कागद. ज्या माणसाचा खून व्हायचा आहे त्याचा माल खुन्याच्या नावावर आधीच चढलेला आहे, आणि तो चढवणाऱ्या साहेबाला त्याचा पत्ताही नाही. कथाकाराला याहून अधिक काय हवे? परंतु टेलरने कादंबरी लिहिताना ज्या वस्तूंवर भर दिला त्या वेगळ्या आहेत : गळा आवळण्याचा रुमाल, मंत्रून पवित्र केलेली कुदळ, भवानीच्या प्रसादाचा गूळ, जो खाल्ल्यावर माणूस जन्माचा ठग होतो. आणि जीवसृष्टी म्हणाल तर शकुन-अपशकुन सांगणारी घुबडे, कोल्हे, गाढवे. परवाना प्रस्तावनेत राहिला आणि कुदळ कादंबरीभर गाजली.

ही निवड निष्पाप नाही. परवान्याचे भय दाखवायचे तर राज्यकारभाराकडे बोट दाखवावे लागते. कुदळीचे भय दाखवायला काहीच लागत नाही. कुदळ ही खोदणाऱ्याची वस्तू. जो विहीर खणतो, रस्ता खणतो, दुसऱ्याचा पाया खणतो, त्याच्या हातातली. तिला तिच्या कामापासून तोडले, तिच्याभोवती अंधार आणि मंत्र उभे केले की तेच श्रमाचे हत्यार पंथाची खूण होते. भयंकर वस्तू तयार करण्याची ही मूळ कृती आहे, असे मला वाटते. वस्तूतून तिचे श्रम काढून घ्यायचे आणि तेथे गूढ भरायचे.

पुढे काय झाले हेही पाहिले पाहिजे. ठगी म्हणजे वाटमारीची टोळी की जन्मजात रक्तपिपासू धर्मपंथ, यावर इतिहासकारांनी पुढे पुष्कळ वाद घातला. पण कंपनी सरकारने वादाची वाट पाहिली नाही. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने, एखादा माणूस ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप देता येऊ लागली. त्याने कोणता गुन्हा केला हे वेगळे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. पुरावा बव्हंशी माफीच्या साक्षीदारांचा. सागर येथे फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या एका इंग्रज डॉक्टरने एडिंबरोच्या मस्तकसामुद्रिक मंडळाकडे पाठवल्या. गुन्हा हाडात असतो की काय हे तेथील विद्वानांना मोजून पाहायचे होते. ठगाच्या रुमालाला अमानुष म्हणणाऱ्या माणसांच्या कपाटात माणसांच्या कवट्या होत्या, आणि त्या कपाटावर मात्र कोणी भयकथा लिहिली नाही. गुन्हा रक्तात असतो ही समजूत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पक्की झाली. १९५२ च्या ऑगस्टअखेर तो कायदा गेला, पण कायदा गेला म्हणून नजर गेली नाही, हे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने १९८७ साली मराठी वाचकाला सांगितले. भयकथेने कायदा केला असे मी म्हणत नाही. ‘कन्फेशन्स’ तर त्या कायद्यानंतर तीन वर्षांनी आली. पण कायद्याला लागणारी नजर अशा पुस्तकांनी घरोघर पोचवली, हे नाकारता येणार नाही.

आता मराठीकडे वळू. आपल्याकडील रूढ भयकथेचा मुक्काम बहुधा वाड्यात असतो. तळघर, माळा, संदूक, बंद खोली, देवघरातली नको ती मूर्ती, आजोबांची वही. या वस्तूंचे भय हे वारशाचे भय आहे. पूर्वजांनी काहीतरी केले, काहीतरी मिळवले, आणि ते आता वंशजाला भोवते. यात खोटे काही नाही. पण ज्याच्या पूर्वजाने मागे ठेवले ते गहाण पडलेले भांडे आणि सावकाराच्या वहीतला अंगठा, त्याच्या घरात माळाही नाही आणि माळ्यावरची पेटीही नाही. लोकसमजुतीतली भुते देखील अशीच वाटून घेतलेली आहेत. मुंजा होण्यासाठी आधी मुंज व्हावी लागते. ब्रह्मसमंधाचा अधिकार मेल्यावरही सुटत नाही. ब्रिटिश अमदानीत कोकणच्या लोकसमजुतींच्या ज्या नोंदी झाल्या, त्यांत भुतांची यादी जातवार लावलेली दिसते. जिवंतपणी जी उतरंड, तीच पिंपळावर.

तरीही वाड्याच्या भयकथेला सरसकट झटकून टाकणे मला मान्य नाही. राही अनिल बर्वे यांचा ‘तुम्बाड’ हा २०१८ चा हिंदी चित्रपट घ्या. लहानपणी ऐकलेल्या धारपांच्या कथेची प्रेरणा त्यामागे असल्याचे बर्वे यांनी सांगितले आहे. १९१८ च्या कोकणातील वाडा, सोन्याच्या मोहरा देणारा शापित हस्तर, त्याला भुलवण्यासाठी कणकेच्या बाहुल्या, आणि मरण न आल्यामुळे जिच्या देहातून झाड उगवले आहे अशी म्हातारी. कणीक ही रोजच्या स्वयंपाकाची वस्तू. तिला लोभाचे आमिष केल्याने तो चित्रपट वारशाच्या भयाच्या मुळाशी जातो : वारसा म्हणजे लोभ. वाड्याने स्वतःविषयी दिलेली ही कबुलीच आहे. मात्र त्या वाड्याचा दगड कोणी वाहिला, त्याच्या सरकारांची शेते कोणी कसली, हा प्रश्न त्याच्या चौकटीबाहेरच राहतो. तो प्रश्न त्यांनी विचारावा अशी वाट पाहत बसण्यापेक्षा आपण विचारावा.

पण आपण काय करतो? मी एकदा पदवीच्या वर्गात फळ्यावर यादी करायला घेतली. भयकथेत घालण्यासारख्या वस्तू आणि जीव सांगा, असे म्हटले. मुलांनी उत्साहाने नावे दिली. काळी बाहुली, लिंबू, बिब्बा, कवटी, घुबड, काळे मांजर, वटवाघूळ. मग एकाने सांगितले पोतराजाचा आसूड, दुसऱ्याने मसणजोग्याची घंटा, तिसऱ्याने भिक्षेकऱ्याची झोळी. वर्गात बहुसंख्य मुले दलित आणि भटक्या-विमुक्तांची होती. मी विचारले, पोतराजाला भिणारा कोण? थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, आमचा आजा पोतराज होता. त्याला तर आम्हीच जेवायला बोलवायला जायचो.”

या उत्तरात या लेखाचा अर्धा भाग आलेला आहे. आसूड, घंटा, झोळी या पोटाच्या वस्तू आहेत. पोटासाठी स्वतःच्याच अंगावर आसूड ओढावा लागणे यात भय आहेच, पण ते आसूड ओढणाऱ्याच्या बाजूचे भय आहे. दारात उभे राहून पाहणाऱ्याला जे वाटते ते वेगळे. रूढ भयकथा नेहमी दारातून पाहते, आणि आपली मुलेही ती वाचून स्वतःच्या आज्याकडे दारातून पाहायला शिकतात.

झोळीचे तर पुढे काय होते हे आपण पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली होती. ‘झोळीवाला येईल आणि घेऊन जाईल’ ही भीती मराठी मुलाला पाळण्यापासून घातली जाते. कोणत्याही एका लेखकाने राईनपाडा घडवले असे मी म्हणणार नाही. परंतु अफवेला गोष्ट लागते, आणि गोष्टीला वस्तू लागते, आणि ती वस्तू आधीच तयार होती. हिंगोलीच्या ओहळापासून राईनपाड्यापर्यंत अंतर एकशे ऐंशी वर्षांचे आहे. दोन्ही ठिकाणी फिरस्त्याच्या हातातली वस्तू पुराव्याच्या जागी ठेवलेली आहे.

मग आपल्याकडे भयाचे साहित्य नाही काय? आहे, आणि श्रेष्ठ प्रतीचे आहे. फक्त आपण त्याला त्या नावाने ओळखलेले नाही. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा पुन्हा वाचावी. वारणेकाठचा भीमा मुंबईत येतो, खाणीत काम करतो. खाण बंद पडते. स्मशानातल्या राखेत त्याला सोने सापडते आणि तो मढी उकरू लागतो. रात्र, पहार, प्रेत आणि त्याच प्रेतावर आलेले कोल्हे, अशी झुंज आहे. शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि त्याला ती गमवावी लागतात. त्याच वेळी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते, आणि पहार धरणारा हात निकामी झालेला असतो. यात भूत नाही, शाप नाही. जबडा मिटतो तो वस्तूच्या स्वतःच्या नियमाने. पण वाचकाचा श्वास अडकतो, कारण भीमाची भूक आणि कोल्ह्याची भूक एकाच मढ्यावर भेटलेली असते. आणि पहार येथे दोन्ही कामांची आहे, खाणीचीही आणि स्मशानाचीही. टेलरने कुदळीतून श्रम काढून घेतले. अण्णा भाऊंनी ते पहारीत ठेवले. दोन भयकथांतला हा फरक आहे.

शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’मध्ये (१९८१) विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग आहे. तराळकी करणाऱ्या बापाने प्रेताची राखण करायची आणि पोलिसाने सांगितले की विहिरीत उतरायचे. रूढ भयकथेत विहिरीतले प्रेत वर येते. येथे जिवंत माणसाला खाली जावे लागते, आणि तेही हुकुमाने. बाबुराव बागुल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) ही तर मला रचनेच्या दृष्टीने शुद्ध भयकथा वाटते. परक्या गावी, भाड्याच्या खोलीत, एक वस्तू लपवलेली आहे; ती दिसत नाही, पण ती उघडी पडणार हे पहिल्यापासून ठाऊक आहे. ती वस्तू म्हणजे जात. कोणत्याही तळघरातल्या पेटीपेक्षा ती अधिक भयंकर आहे, कारण ती पेटी टाकून पळता येत नाही.

या आधारावर नव्या लेखकांसमोर मी काही वस्तू आणि जीव ठेवू इच्छितो. घ्यायच्या त्यांनी घ्याव्यात, सोडायच्या त्या सोडाव्यात.

पहिली, हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली कपबशी. १९७० च्या दशकात बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ची मोहीम चालवली, त्या काळात अशी कपबशी गावोगाव होती. कान तुटलेला कप, ज्याने प्यायचे त्यानेच धुवायचा. आज हॉटेल पक्के झाले, मालक बदलला. तो कप कोणी फोडला? आणि कोणीच फोडला नसेल, तर तो कोठे आहे?

दुसरा, नारू. हा किडा कल्पनेतला नाही. साचलेल्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवाबरोबर तो पोटात जाई आणि सुमारे वर्षभराने हातभर, कधी त्याहून लांब मादी पायाच्या फोडातून बाहेर पडे. ती काडीवर रोज थोडी थोडी गुंडाळत ओढायची. तुटली तर पाय सडायचा. आगीने आणि वेदनेने माणूस पाय पाण्यात बुडवी, आणि तेवढ्यात किडा आपली पिल्ले त्या पाण्यात सोडी. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मधला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. ज्यांना पाटलाच्या विहिरीवर रहाट ओढण्याची मुभा नव्हती आणि डबक्यातले पाणी भरणे भाग होते, त्यांच्या पायातून निघालेला तो दोरा म्हणजे त्या गावाचा पाण्याचा इतिहासच होय. परदेशी लेखक अंतराळातून किडे आणतात. आपला आपल्या आजीच्या घोट्यात होता.

तिसरे, कोणीच न उचललेले मेलेले ढोर. बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, ढोर ओढणे सोडा असे सांगितले आणि गावागावांत त्यावरून बहिष्कार झाले. २०१६ साली गुजरातेत उना येथील मारहाणीनंतर तेथील दलितांनी मेलेली जनावरे उचलण्याचे नाकारले. दरम्यान गिधाडेही गेली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने ती मेली, आणि २००६ मध्ये त्या औषधाचा जनावरांसाठीचा वापर बंद होईपर्यंत आकाश रिकामे झाले होते. आता गावाच्या वेशीत ढोर पडले आहे. माणूस येत नाही, गिधाड येत नाही. वास मात्र प्रत्येक घरात येतो. अशी कथा कोणी तरी लिहिलीच पाहिजे.

चौथी वस्तू, शहरातल्या लेखकांसाठी : मॅनहोलचे झाकण. २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवणे गुन्हा ठरले, तरी उतरणारा उतरतो आहे. आणि पाचवी वस्तू, जी टेलरने आपल्याच प्रस्तावनेत विसरून ठेवली : सरकारी कागद. परवाना, दाखला, पंचनामा, नोटीस.

शेवटी दोन पथ्ये सांगणे आवश्यक आहे. एक, कथेतले भय आणि गावातले भय यांची सरमिसळ करू नये. मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली एकट्यादुकट्या बाईला चेटकीण ठरवून कसे छळले गेले हे आपल्याला ठाऊक आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा ज्या बाईला संरक्षण देऊ पाहतो, तिलाच आपल्या कथेने पुन्हा अंधारात उभे करू नये. म्हाताऱ्या विधवेच्या हातात बाहुली देण्यापूर्वी लेखकाने थांबावे.

दुसरे, प्रचारासाठी कथेचा गळा आवळू नये. वस्तू आधी वस्तू म्हणून उभी राहिली पाहिजे. तिला वजन पाहिजे, वास पाहिजे, रोजचा वापर पाहिजे. ती कशी वागते याचा एक नियम पाहिजे. आणि तो नियम मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागली पाहिजे. अण्णा भाऊंच्या कथेत हे तिन्ही आहे. कपबशी केवळ अस्पृश्यतेचे प्रतीक म्हणून आली तर वाचक मान डोलावून पान उलटेल. ती धुतल्यावरही ओली राहत नसेल, तर तो थांबेल.

माझ्या वर्गातली ती यादी अजून अपुरी आहे. पोतराजाच्या नातवाने आसूड खोडून त्या जागी दुसरे काही लिहिलेले नाही. ते त्याला सुचावे यासाठी आपण शिक्षकांनी धारपांबरोबर अण्णा भाऊ आणि बागुल एकाच तासाला, एकाच प्रश्नाखाली शिकवायला हवेत, आणि ते येत्या सत्रापासून करता येण्यासारखे आहे.